केशर आंब्याची कलमं थंडीत करपली: खत दिलेलीही आणि उपाशी ठेवलेलीही. चूक नेमकी कुठे?

कादवाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. निफाड-दिंडोरी पट्ट्यातली नर्सरी आहे. केशरची साधारण ४,००० शेंडा कलमं, ऑगस्टमध्ये बांधलेली. पिशवी ८×१० इंची, भरण लाल माती, शेणखत आणि कोकोपीट २:१:१. वर ५० टक्के शेडनेट.

खत असं दिलं: कलम लागल्यावर दर आठ दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के), लिटरला ३ ग्रॅम, पिशवीला २०० मिली आळवणी, म्हणजे मुळाशी ओतणं. हे नोव्हेंबरअखेरपर्यंत चालू. मध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाढ मंद वाटली म्हणून एकदा युरिया लिटरला ५ ग्रॅम, तोही २०० मिली. नोव्हेंबरच्या मध्यावर झकास तांबूस पालवी आली. डिसेंबरच्या शेवटी तीन रात्री पारा ४-५ अंशांवर गेला आणि निम्म्या लॉटचे शेंडे काळे पडले.

इथपर्यंत समजू शकतो. पण कोपऱ्यात ६०० कलमांचा एक वेगळा लॉट आहे. त्याला ऑगस्टनंतर खताचा दाणा नाही, पानं फिकट पिवळी. 'खत बंद केलं की रोप काटक होतं' असं सगळे सांगतात, तर हा लॉट तरी वाचायला हवा होता. त्याचीही पानगळ झाली.

विचारायचं एवढंच: नत्र कधी थांबवायचं? ०:०:५० (फक्त पालाशाचं खत) फवारून थंडी सोसते का? आणि आता करपलेल्या मालाचं काय करायचं?

---

पांढरी_मुळी

कादवाकाठ भाऊ, आधी एक सांगा. दोन्ही लॉटची इजा सारखी दिसते का? नीट बघा. पहिल्या लॉटमध्ये कोवळी पानं आणि शेंड्याचे २-३ इंच आधी पाणी भरल्यासारखे गडद, मग दुपारपर्यंत काळे, असं असणार. खालची जून पानं शाबूत. दुसऱ्या लॉटमध्ये शेंडा काळा नसणार. पानांच्या वरच्या, उन्हाकडच्या बाजूला पांढरट-पिवळे चट्टे, मग आठ-दहा दिवसांत गळ. असंच आहे ना?

असेल तर हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांचं मूळ खतातच आहे.

पहिला लॉट. तुमचा हिशोब करून बघू. पाण्यातलं नत्र पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) काढायचं सूत्र सोपं आहे: लिटरला किती ग्रॅम × खतातलं नत्र टक्के × १०. म्हणजे १९:१९:१९ चे ३ ग्रॅम = ३ × १९ × १० = ५७० पीपीएम. पिशवीला २०० मिली म्हणजे ११४ मिलिग्रॅम नत्र दर आठवड्याला. युरिया ५ ग्रॅम = ५ × ४६ × १० = २,३०० पीपीएम, २०० मिलीतून ४६० मिलिग्रॅम. थोडक्यात, त्या एका आळवणीत तुम्ही चार आठवड्यांचं नत्र एकदम ओतलं, तेही नोव्हेंबरात. तेव्हा आपल्याकडे दिवसा २८-३० अंश असतात. आंब्याला पालवी फुटायला दुसरं काय हवं?

आता त्या पालवीचं. आंब्याचा डोळा फुटल्यापासून पान तांबूस, मग पोपटी, मग गडद हिरवं आणि हाताला कडक व्हायला पाच-सहा आठवडे जातात. तोवर पेशी पाण्याने फुगलेल्या, भिंती पातळ, पानावरचा मेणाचा थर अपुरा, साखर कमी. साखर आणि विरघळलेले पदार्थ जितके जास्त तितकं पेशीतलं पाणी उशिरा गोठतं आणि पेशीचे पडदे फाटत नाहीत. तुमची पालवी नोव्हेंबरच्या मध्याची. डिसेंबरच्या शेवटी ती जेमतेम पोपटीतून बाहेर येत होती, आणि उशिरा फुटलेले शेंडे तर अजून तांबूसच.

'पण ४-५ अंशांवर कुठे गोठतं?' असं मनात येईल. तुमचा तापमापक छातीच्या उंचीवर टांगलेला असणार. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्यापेक्षा २-४ अंशांनी थंड असते, आणि उघड्या आकाशाकडे उष्णता फेकणारं पान हवेपेक्षाही थोडं खाली जातं. म्हणजे वर ४ असताना पिशवीच्या उंचीवर शून्याच्या आसपास सहज येतं. तापमापक वाफ्यातच, पानांच्या उंचीवर ठेवा. नाहीतर दर वर्षी 'एवढी थंडी नव्हती तरी करपलं' हेच ऐकायला मिळेल.

दुसरा लॉट. पिवळ्या पानाची गंमत अशी की त्याला रात्रीच्या थंडीपेक्षा सकाळचं ऊन मारतं. रात्रभर गारठलेलं पान सकाळी लख्ख उन्हात येतं. प्रकाश भरपूर, पण प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा थंडीने मंद. घेतलेली ऊर्जा खपत नाही आणि ती हरितद्रव्यच जाळते. ज्या पानात नत्र भरपूर आहे त्यात ही ऊर्जा वापरणारी आणि जिरवणारी प्रथिनं पुरेशी असतात. उपाशी पानात नसतात. शिवाय साठाच नाही म्हटल्यावर इजा झालेलं पान दुरुस्त कशाने होणार? झाड ते पान सरळ टाकून देतं.

'खत बंद म्हणजे काटक' ही अर्धवट समजूत आहे. काटकपणा येतो तो वाढ थांबल्याने. उपासमारीने वाढ थांबते खरी, पण काटक होण्यासाठी लागणारा मालमसालाही संपतो.

---

कादवाकाठ

तंतोतंत. पिवळ्या लॉटला चट्टे आहेत, तेही पूर्वेकडच्या दोन ओळींना जास्त. शेंडे हिरवे आहेत. म्हणजे दोन्हीकडून मीच मारली. मग मधला मार्ग तारखेत सांगा.

---

पांढरी_मुळी

उलटं मोजत या. आपल्या भागात कडाका साधारण २० डिसेंबरच्या पुढे. त्याच्या आत शेवटची पालवी गडद हिरवी आणि कडक झालेली हवी, म्हणजे ती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर फुटता कामा नये. आळवणीनंतर डोळे फुटायला दोन-तीन आठवडे धरा, आठ-दहा दिवस हाताशी ठेवा. सप्टेंबरअखेर, फार तर ५ ऑक्टोबर ही पूर्ण नत्राची शेवटची तारीख.

त्याआधी, कलम लागून पहिली पालवी पक्की झाल्यावर, १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम (१९० पीपीएम) आठवड्यातून एकदा पुरतं. तुमचे ३ ग्रॅम मुळात जास्त आहेत. आंबा क्षाराला नाजूक आहे, जून पानांची टोकं तपकिरी दिसत असतील तर तो क्षाराचा भार.

५ ऑक्टोबरनंतर नत्र शून्य करायचं नाही, खाली आणायचं. कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम, दर दहा-बारा दिवसांनी. त्यात नत्र १५.५ टक्के, म्हणजे जेमतेम ७८ पीपीएम. हे नत्र नायट्रेट रूपातलं. युरिया आणि अमोनियमवाल्या खतांनी रोप लुसलुशीत वाढतं, नायट्रेटवर वाढ आखूड आणि टणक राहते. थंडीत युरिया-अमोनियमची आणखी एक भानगड आहे. मातीतले जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात, आणि भरण गार पडलं की त्यांचं काम मंदावतं. अमोनियम पिशवीत साचतं, पांढरी मुळी करपते. मग फेब्रुवारीत ऊब आली की ते सगळं एकदम नायट्रेट होऊन मिळतं आणि पालवीचा लोंढा येतो.

शेणखताकडेही बघा. अर्धवट कुजलेलं असेल तर तुम्ही आळवणी बंद केली तरी ते ऑक्टोबरभर नत्र सोडत राहतं. एक चतुर्थांश भरण शेणखत आहे तुमचं, ते वर्षभराचं जुनं, वास न येणारं, हातात भुरभुरणारं हवं.

---

उत्तरवारा

थोडं वेगळ्या मुलखातून लिहितो. कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात जंगल लागवडीची रोपं होतात: स्प्रूस, डग्लस फर, लॉजपोल पाइन. थर्माकोलच्या ठोकळ्यांत, एका ठोकळ्याला ११२ भोकं हा नेहमीचा आकार. खत आणि थंडी यांचं नातं ज्या रोपांवर सगळ्यात जास्त तपासलं गेलंय ती हीच, म्हणून तिथली पद्धत सांगतो. काय उचलायचं ते तुम्ही ठरवा.

हंगामाचे तीन भाग पाडतात. उगवण-स्थिरावण्याच्या काळात नत्र ५० पीपीएम, जोमाच्या वाढीत १५०, काटक करताना परत ५०. शेवटच्या टप्प्यात स्फुरद ६० आणि पालाश १५० च्या आसपास ठेवतात. शून्य कुठेच नाही हे लक्षात घ्या. आणि तुमचे ५७० पीपीएम वाचून इथल्या माळ्याला घाम फुटेल (अर्थात ते लोक जवळपास प्रत्येक पाण्याबरोबर देतात, तुम्ही आठवड्यातून एकदा. तरीही).

काटक करण्याची सुरुवात खताने होत नाही, उजेडाने होते. जुलैमध्ये दिवस मोठा असतानाच हरितगृहावर काळे पडदे ओढून दिवस ८ ते १० तासांचा करतात, दोन-तीन आठवडे. स्प्रूसला वाटतं शरद आला. शेंड्याची वाढ थांबते, तपकिरी खवल्यांची कळी धरते. या काळात नत्र आणि पाणी थोडं ताणतात. नत्र चढं ठेवलं तर कळी उशिरा धरते, किंवा धरलेली कळी पडदे काढल्यावर पुन्हा फुटते. ती दुसरी फूट पहिल्या हिवात गेलीच समजा.

खरी खुबी पुढे आहे. कळी पक्की झाली की नत्र पुन्हा वाढवतात! कुलूप लागलेलं आहे, आता उंची वाढणार नाही. दिलेलं नत्र सुयांत, खोडात, मुळांत साठतं. सुयांमधलं नत्र कोरड्या वजनाच्या २ टक्क्यांच्या वर नेण्याचा प्रयत्न असतो. याच काळात त्या मिटलेल्या कळीच्या आत पुढच्या वर्षीच्या सुयांचे अंकुर तयार होत असतात. तेव्हा रोप उपाशी असेल तर कळी बारीक, अंकुर कमी आणि पुढच्या वर्षी जंगलात लावल्यावर वाढ आखूड. कात्रीने कळी उभी चिरून भिंगाखाली बघितली की फरक डोळ्यांनी दिसतो.

स्वीडनच्या टॉर्स्टन इंगेस्टाड यांनी मांडलं की रोप ज्या वेगाने वाढतं त्याच वेगाने खत वाढत गेलं पाहिजे, रोज सारखा डोस हा मुळात चुकीचा. टोरंटो विद्यापीठातल्या व्हिक टिमर यांनी तेच पुढे नेऊन ब्लॅक स्प्रूसमध्ये गरजेपेक्षा जास्त साठा भरून ठेवण्याची पद्धत बसवली. लावल्यानंतर गवताशी झुंजताना तो साठा कामी येतो.

मात्र फुकट काही नाही. डग्लस फरला शरदात नत्र भरून दिलं की वसंतात कळ्या लवकर फुटल्याचंही दिसलंय. जिथे उशिरा हिव पडतं तिथे हा तोटा.

पालाशाबद्दल: 'हार्डनर' म्हणून पालाश जास्त असलेली खतं इथेही विकली जातात. पालाश कमी असेल तर रोप थंडीत नक्की मार खातं. पण पुरेसा असताना आणखी ओतल्याने काटकपणा वाढतो याचा भरवशाचा पुरावा नाही. तेव्हा ०:०:५० च्या फवारणीने चार अंश जास्त सोसेल ही आशा सोडा.

---

कादवाकाठ

हे कुलूप लागल्यावर साठा भरणं फार आवडलं. मग आंब्यात नोव्हेंबरच्या शेवटी, पालवी पक्की झाल्यावर, १९:१९:१९ ने साठा भरता येईल का?

---

खुंट_आणि_काडी

नाही हो दादा, इथेच घात होतो! स्प्रूसचं कुलूप दिवसाच्या लांबीने लागतं आणि नंतर बराच काळ थंडी खाल्ल्याशिवाय उघडत नाही. आंब्याला असं कुलूपच नाही. त्याचा डोळा फक्त विसावलेला असतो. रात्री १५ अंशांच्या खाली गेल्या की स्वस्थ बसतो, मध्येच चार दिवस ढगाळ-उबदार आले, पाणी आणि नत्र हाताशी असलं की फुटतो. नोव्हेंबर-डिसेंबरात असं हवामान आपल्याकडे हमखास येतं. तुम्ही साठा भरायला जाल आणि तो खर्च करायला निघेल.

सहनशक्तीतही जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्प्रूस पूर्ण काटक झाल्यावर उणे ४० सोसतो, तो पेशींतलं पाणी बाहेर काढून पेशींच्या मधल्या जागेत गोठू देतो. आंबा सदाहरित उष्ण कटिबंधातला, त्याला ही कला येत नाही. चांगलं पोसलेलं, पक्क्या पानांचं कलम आणि कोवळं कलम यांच्यात फरक फार तर दोन-तीन अंशांचा. पण निफाडच्या वाईट रात्री नेमक्या त्याच दोन-तीन अंशांत असतात, म्हणून खताचं वेळापत्रक कामाचं.

साठा भरायचाच तर आंब्यात तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, वाढीबरोबरच भरावा लागतो. उत्तरवाराने सांगितलेला वाढत्या डोसाचा नियम इथे छान लागू पडतो. कलम लागल्यावर पहिल्या दोन आळवण्या लिटरला अर्धा ग्रॅम, पालवी उलगडताना पाऊण, पानं फाकल्यावर एक, फार तर सव्वा, आणि मग ऑक्टोबरात उतरण.

आता मंद गतीने सुटणारी गोळी खतं कोणी वापरत असेल तर सावध. पाकिटावर '५-६ महिने' लिहिलेलं असतं ते २१ किंवा २५ अंशांना मोजलेलं. सुटण्याचा वेग तापमानावर आहे, आपल्या भरणात ३२-३५ अंश झाले की तेच खत बरंच आधी संपतं. मे महिन्यात भरलेल्या पिशवीत ते नेमकं पावसाळ्याच्या शेवटी संपून पिवळेपणा येतो, आणि ऑगस्टमध्ये टाकलेलं नोव्हेंबरातही सुटत राहतं. दुसऱ्या प्रकारात तुम्ही नत्र 'बंद' करूच शकत नाही. पिशवी फोडून गोळ्या दाबून बघा: आत ओलसर द्रव असेल तर खत शिल्लक आहे, नुसतं पोकळ टरफल असेल तर संपलं.

शेडनेटचं कोणी बोललं नाही. ५० टक्के सावलीत डिसेंबरपर्यंत ठेवलेलं कलम खत कितीही नीट दिलं तरी पातळ पानांचंच राहणार. ऑक्टोबरच्या मध्यापासून जाळी रोज सकाळी दोन तास बाजूला करा, आठवड्याने चार तास, नोव्हेंबर लागेपर्यंत दिवसभर. पूर्वेकडून एकदम उघडू नका. रात्री मात्र जाळी ओढलेली बरी, आकाशाकडे जाणारी उष्णता थोडी अडते.

आणि पाणी. भरण वरून एक इंच कोरडं झाल्याशिवाय ऑक्टोबरनंतर पाणी नाही. पण कडाक्याचा अंदाज असेल त्या दिवशी दुपारी भरपूर द्या. ओलं भरण दिवसाची ऊब धरून ठेवतं, कोरडं भरण झटकन गार होतं.

---

पांढरी_मुळी

खुंटरावांशी शंभर टक्के सहमत. फक्त 'नत्र उतरलं की नाही' हे अंदाजाने ठरवू नका, ईसी मीटरने (पाण्यातले क्षार विजेच्या वहनावरून सांगणारं यंत्र) मोजा. दोन-अडीच हजारांचं पेन पुरतं.

सकाळी पिशव्यांना नेहमीसारखं साधं पाणी द्या. तासाभराने, निचरा थांबल्यावर, लॉटमधल्या पाच-सहा पिशव्या बशीवर ठेवा आणि वरून डिस्टिल्ड पाणी हळूहळू गोलाकार ओता, खालून साधारण ५० मिली निघेल इतकंच. जास्त ओतलं तर नमुना पातळ होतो, पाणी पिशवीच्या कडेने वाहून गेलं तर आकडा खोटा येतो. जमा झालेल्या पाण्याचा ईसी घ्या.

वाढीच्या काळात १.५ ते २ डेसिसायमन ठीक. नोव्हेंबर लागताना १ च्या आसपास हवा. २.५ च्या वर गेला असेल तर खत थांबवून काय उपयोग? आतला साठाच पालवी काढेल. अशा वेळी दोनदा भरपूर साध्या पाण्याने धुऊन काढायचं. आणि ०.४ च्या खाली असेल तर तुमच्या पिवळ्या लॉटची अवस्था. मात्र विहिरीच्या पाण्याचा ईसी आधी मोजून ठेवा. कादवा नदीच्या पट्ट्यात काही विहिरींचं पाणीच १ च्या पुढे असतं, मग वरचे आकडे तसेच्या तसे लावू नका, फरक बघा.

डिसेंबरात जून पानांवर जांभळट झाक दिसली की लोक डीएपी (स्फुरद आणि अमोनियमचं खत) टाकायला धावतात. गार भरणात मुळी स्फुरद उचलतच नाही, म्हणून ती झाक येते. पिशवीत स्फुरद असतो. ऊब आली की आपोआप जाते, आणि डीएपीतलं अमोनियम तेवढं नको तिथे पडतं.

---

कादवाकाठ

ईसी आजच घेतला. खतवाला लॉट: २.९, ३.१, २.७. उपाशी लॉट: ०.५, ०.५, ०.६. विहिरीचं पाणी ०.४५. आता समजलं. करपलेल्या मालाचं काय करू?

---

खुंट_आणि_काडी

उपाशी लॉटमध्ये ०.५ म्हणजे ते विहिरीचं पाणीच, खत काहीच नाही.

करपलेल्या शेंड्यांना आत्ता कात्री लावू नका. काळा भाग किती खोल गेलाय ते आज कळत नाही, आणि छाटलं की खालचे डोळे फुटायला लागतात. पुढच्या कडाक्यात ते जातील. फेब्रुवारीच्या मध्यावर, रात्री सलग १२ अंशांच्या वर राहू लागल्या की नखाने साल खरवडा. आत हिरवं आणि ओलसर तर जिवंत, तपकिरी आणि कोरडं तर मेलेलं. जिवंत भागात अर्धा इंच खाली येऊन डोळ्याच्या वर तिरका काप, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप).

कलमाचा जोड मात्र आजच तपासा. पट्टीच्या वर काडी (बांधलेली केशरची फांदी) तपकिरी आणि खुंट (खालचं मुळाचं रोप) हिरवा असेल तर ते कलम गेलं. त्यातून फुटणारी पालवी खुंटाची, रायवळ. ती विकली तर पाच वर्षांनी गिऱ्हाईक दारात येईल. असे वेगळे काढा, पुढच्या हंगामात त्याच खुंटावर पुन्हा बांधता येतात.

खतवाला लॉट धुवायचा, पण थंडी ओसरलेल्या दिवशी, सकाळी दहानंतर. उपाशी लॉटला हलकं कॅल्शियम नायट्रेट, अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. आत्ता घाईने १९:१९:१९ देऊन हिरवं करायला जाऊ नका. काही कलमांना मोहोर दिसेल, काडी जुन्या झाडाची असते ना. तो खुडून टाका, आधीच साठा कमी आहे.

पुढच्या रात्रींसाठी द्राक्षवाल्यांकडचं पांढरं १७ जीएसएमचं क्रॉप कव्हर वाफ्यावर कमानी घालून ओढा. पानांना टेकू देऊ नका, टेकलेलं पान आधी करपतं. एक-दोन अंश वाचतात. रात्री स्प्रिंकलर लावायचा तर ऊन येऊन पारा चढेपर्यंत बंद करायचा नाही. पहाटे चारला लाइट गेली की ओल्या पानावरचं पाणी उडताना पान आणखी गार होतं आणि न भिजवलेल्यापेक्षा जास्त नुकसान होतं. लाइटचा भरवसा नसेल तर त्या वाटेला जाऊच नका.

---

उत्तरवारा

पुढच्या वर्षी विक्रीआधी किंवा थंडीआधी लॉट किती काटक झालाय हे मोजायचं असेल तर तेच ईसी पेन वापरता येईल. ब्रिटिश कोलंबियात रोपं शीतगृहात टाकण्याआधी नमुना उणे १८ अंशांपर्यंत गोठवतात. सुयांची सरासरी इजा २५ टक्के किंवा कमी असेल तरच रोपं उपटून पेटीत भरतात. आंब्याला उणे १८ म्हणजे अंत्यविधी, पण तत्त्व तेच.

पक्क्या पानांतून पंचिंग मशीनने चकत्या काढा, शिरा टाळून. डिस्टिल्ड पाण्यात दोनदा विसळा, कारण कापलेल्या कडेचा रस आकडा बिघडवतो. काचेच्या नळीत १० चकत्या आणि चमचाभर पाणी. बर्फ-मिठाच्या थर्मासात नळ्या उभ्या करा, तापमान मिठाने जुळवा: एक संच उणे १, एक उणे २, एक उणे ३. एक संच बाहेर, तुलनेसाठी. प्रत्येक गार नळीत बर्फाचा बारीक खडा टाकायला विसरू नका. नाहीतर पाणी उणे ३ लाही न गोठता तसंच राहतं आणि तुम्हाला वाटतं पान फार काटक आहे. घरी चाचणी फसते ती बहुतेक इथेच.

दोन तासांनी काढून हळूहळू वितळू द्या, २० मिली पाणी घाला, रात्रभर ठेवा, ईसी मायक्रोसायमनमध्ये घ्या. मग त्याच नळ्या उकळत्या पाण्यात १५-२० मिनिटं, गार करून, उडालेलं पाणी भरून परत ईसी. पहिला भागिले दुसरा गुणिले १००. फाटलेल्या पेशीतून क्षार बाहेर येतात, उकळल्यावर सगळेच येतात, म्हणून हा टक्का. न गोठवलेल्या संचापेक्षा किती वाढला तेच बघायचं. खतवाला आणि बेताचं खत दिलेला, दोन्ही लॉट शेजारी-शेजारी लावा.

---

बांधावरची_जांभूळ

थोडं विषयांतर. पेरू आणि कागदी लिंबू याच वाफ्यात आहेत, त्यांनाही हेच वेळापत्रक का? आणि गिऱ्हाईक उंच रोप मागतं, तुम्ही सांगताय तसं खत कमी केलं तर रोप बुटकं राहील.

---

खुंट_आणि_काडी

पेरूला चालेल, तो पानं टाकून लवकर सावरतो. लिंबाला आंब्यापेक्षाही जपा, लिंबूवर्गात कागदी लिंबू फार नाजूक. तिथे शेवटचं पूर्ण नत्र १५ सप्टेंबरलाच.

उंचीचं म्हणाल तर गिऱ्हाइकाच्या हातात व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) द्या. उंची सेंटिमीटरमध्ये भागिले बुंध्याची जाडी मिलिमीटरमध्ये. कलमात जाडी जोडाच्या दोन इंच वर घ्या. ४५ सेंमी उंच आणि ९ मिमी जाड म्हणजे ५, रोप उभं राहतं. ७० उंच आणि ७ जाड म्हणजे १०. काठी बांधल्याशिवाय ते वाऱ्यात टिकत नाही, पिशवीत मुळी कमी आणि वर पानं जास्त, जूनमध्ये लावल्यावर पंधरा दिवसांत माना टाकतं.

---

पांढरी_मुळी

कादवाकाठ, एक राहिलं. ऑक्टोबरनंतर पालाश कमी वाटला आणि ०:०:५० द्यायचं ठरवलं, तर कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीत एकत्र करू नका. ०:०:५० म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश. तीव्र द्रावणात कॅल्शियम आणि सल्फेट भेटले की जिप्सम होऊन तळाला पांढरा गाळ बसतो, ड्रिपर बुजतात आणि दोन्ही खतं वाया. ०:५२:३४ (स्फुरद-पालाशाचं खत) बरोबरही तसंच, तिथे कॅल्शियम फॉस्फेट बसतं. चार-पाच दिवसांचं अंतर ठेवून वेगवेगळं द्या. स्वस्त म्हणून म्युरिएट ऑफ पोटॅश आणू नका, त्यातल्या क्लोराइडने आंब्याच्या पानांच्या कडा जळतात आणि ती इजा थंडीसारखीच दिसते.

---

कादवाकाठ

गाळ कालच बघितला टाकीत. मला वाटलं खत भेसळीचं आहे.

---

पांढरी_मुळी

भेसळ नाही, जिप्सम. टाकी धुऊन घ्या, फिल्टरची जाळी काढून ब्रशने घासा. आम्लाने जिप्सम फारसा सुटत नाही, हातानेच काढावा लागतो.